कुंपणाकडच्या कोपऱ्यातलं तांबं

"वाऱ्या, हळू ये रे, मिरची लाल होऊ दे,
कुंपणाशी कोण उभं, त्याचं नाव कळू दे."

डोंकामावशीचा हा आवाज माझ्या लहानपणीचा. मिरचीच्या वाफ्यात वाकून ती गायची, आणि कुंपणापलीकडे शेजारच्या स्पासेकाकांचा द्राक्षांचा फवारापंप खळखळायचा. तिनं लग्न केलं नाही, काकांनीही नाही. भांडणं मात्र रोजची.

यंदा मावशीच्या बागेतली कुंपणाकडची रोपं पिवळी पडली.

"टेकडीवरच्या शिसं-जस्ताच्या कारखान्याची धूळ!" काका कडाडले. "बंद पडला तरी छळतोय मेला!"

"सगळी माती नासली असेल तर बाग विकते," मावशी मला म्हणाली, "नि तुझ्याकडे शहरात, स्कोप्येला येते. आयवारची चटणीसुद्धा बाजारातली खाईन."

मिरच्या घरी भाजून आयवार घोटणारी बाई हे म्हणते, म्हणजे प्रकरण गंभीर. काकांचा आवाज एकदम बसला. "स्कोप्ये लांब आहे," एवढंच पुटपुटले.

माती तपासणं हेच माझं काम. बागेत चौकटी आखल्या, चौकटीचौकटीतून माती उचलली, प्रयोगशाळेत नेली. निकाल घेऊन परतले तेव्हा काकांच्या मळ्यातल्या मिरच्या मावशीच्या चुलीवर भाजत होत्या, आणि काका शेजारी त्या सोलत बसले होते.

"दोष कारखान्याचा नाही," मी म्हटलं. "त्याची धूळ असती तर शिसं आणि जस्त बागभर सापडलं असतं. इथं नुसतं तांबं आहे, तेही कुंपणाच्या कोपऱ्यात. दोन वाफे ओलांडले की माती निर्मळ. हे मोरचुदाचं तांबं, द्राक्षांवर फवारतात त्यातलं. कुणीतरी वर्षानुवर्षं तिथं द्राक्षांचा पंप धुतलाय."

"म्हणजे तेवढी माती काढली की झालं?"

"झालं. बाग तुझी शाबूत."

मावशीचा चेहरा फुलला, मग भुवया चढल्या. "पण माझी तर द्राक्षंच नाहीत!"

आम्ही दोघी वळलो. काका मिरची इतकी मन लावून सोलत होते, की हातात देठच उरला होता.

"स्पासे! तुझ्या दारात विहीर असताना पंप माझ्या कुंपणाशी धुवायचास? आळशी मेला!"

"आळस कसला? विहिरीचं पाणी बादलीनं इथवर वाहून आणायचो."

"मग कशाला?"

काकांनी देठ खाली ठेवला, हात विजारीला पुसले. कान मिरचीसारखे लाल.

"तू गायचीस ना, कुंपणाशी कोण उभं म्हणून," ते म्हणाले. "मीच उभा असायचो, डोंके."