शिवकांताचं ‘न्हाई’

मित्रांनो, लातूरच्या एका अध्यापक विद्यालयाच्या कपाटात धूळ खात पडलेला मी एक जुना टेपरेकॉर्डर. घडलो कारखान्यात, पण मला कामाला लावलं ते रुद्राणीबाईंनी. उदगीरच्या व्यापारी घरातल्या बाई इथे शिकवायच्या आणि संशोधन करायच्या. मुलांना वाचता येतं का, हे बाकीचे मोजत. मुलांना वाचावंसं का वाटतं आणि का वाटत नाही, हे बाईंना शोधायचं होतं.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. ज्या गावांतल्या मुलांना वाचनाची ओढ आहे, त्या शाळांना पुस्तकांच्या पेट्या द्यायचं ठरलं आणि अहवालाचं काम बाईंकडे आलं. मला खांद्याला अडकवून त्या एसटीने गावोगाव फिरल्या. मुलं मला हात लावून बघत, गुरुजी कौतुक करत. मला फार मिरवल्यासारखं वाटे. त्याच सुमारास लागोपाठ दोन वर्षं पाऊस हुकला.

मुरुडजवळच्या एका गावात अकरा वर्षांची शिवकांता माझ्यासमोर बसली. तिने धडा अडखळत वाचला. वाचायला आवडतं का, असं बाईंनी विचारलं, तर खाली बघून म्हणाली, "न्हाई." इतर मुलींनीही तेच सांगितलं. बाईंनी तसं लिहिलं. पेटी दुसऱ्या गावाला गेली.

चार महिन्यांनी आम्ही पुन्हा तिथे गेलो. टँकरच्या रांगेत शिवकांता एका म्हातारीला तिच्या लेकाचं पत्र वाचून दाखवत होती. कुठेही अडखळत नव्हती. बाईंनी मला सुरू केलं आणि त्या दिवशी ‘न्हाई’ असं का म्हणालीस, ते विचारलं.

"आवडतंय म्हनलं तर तुमी रोज साळंत बस म्हनताल. मंग पानी कोन आनावं? मायनं सांगितलं हुतं, न्हाई म्हन."

बाईंनी कचेरीत जाऊन आपली चूक लिहून दिली. तरी पेटी मंजूर व्हायला दोन वर्षं गेली. ती गावात पोचली, तोवर शिवकांता लग्न होऊन हदगावकडे गेली होती.

बाई मला घेऊन तिच्या सासरी गेल्या. जेमतेम चौदाची पोर, भाकऱ्या थापत होती. बाई तिला म्हणाल्या, "माझं चुकलं, शिवकांता." आणि सवयीने त्यांचा हात माझ्या बटणावर गेला.

"बाई, ते आदुगर बंद करा," शिवकांता म्हणाली.

बाईंनी मला बंद केलं. मग दोघी चुलीपाशी बराच वेळ बोलल्या. ते बोलणं कुठल्या कॅसेटवर नाही, बाईंच्या प्रबंधातही नाही. मी ऐकलं, पण सांगणार नाही.

पुढे बाईंचं संशोधनात नाव झालं. पण नव्या गावात पहिले आठ दिवस त्या मला पिशवीतून काढत नसत. नुसत्या माणसांत बसत. निवृत्तीच्या समारंभात सगळे त्यांचे निष्कर्ष सांगत होते, तेव्हा बाई मान खाली घालून बसल्या होत्या.

मित्रांनो, मला पुसून ठेवा किंवा भंगारात घाला. पण कुणाचं उत्तर लिहून घेताना एवढं बघा, की दुसरं उत्तर द्यायची त्याला मोकळीक होती का.