सपाट बाजू तुझ्याकडे

मी इब्रामपूरचा जुना ट्रॅक्टर. बोलतोय तो घाईतच. एका जागी उभं राहायचा मी धसका घेतलाय.

जन्म कुठल्याशा दूरच्या कारखान्यात झाला, पण माणसांत आलो तो इथेच. रुद्रेश आणि सगुण या भावांच्या वडिलांनी मला आणलं, तेव्हा दोघे माझ्यावर बसण्यावरून भांडायचे. पुढे थोरला रुद्रेश सीटवर बसला, धाकटा सगुण मडगार्डवरच राहिला. शाळा त्याने मध्येच सोडली. स्वस्थ बसणं त्याला कधी जमलंच नाही.

श्रावणात रुद्रेश तापाने गेला. आज ताप, परवा माणूस नाही.

मी दारात उभा. पाऊस सरेपर्यंत कुणी हात लावला नाही. आधीच झिजलेली क्लचप्लेट गंजून चिकटली. पेडल दाबलं तरी गिअर पडेना. मग रुद्रेशची बायको गौरवी म्हणाली, "मोरजेचो हॉटेलवालो मागता. रंगवून गेटीर उभो करतलो. आयतारा न्हेवक येतलो."

"लोकांनी फोटो काढूक?" सगुण ओरडला. "दादाचो ट्रॅक्टर तो! चलतलो वहिनी, तू बघ."

त्याच दिवशी त्याने नवी प्लेट आणली आणि बोल्ट खोलून मला मधोमध दोन भागांत वेगळं केलं, पुढे इंजिन, मागे गिअरबॉक्स. जेवला नाही. स्पॅनर फेकायचा, पुन्हा शोधायचा, शिव्या मला द्यायचा. प्लेट बसवताना मात्र पुटपुटत होता, "सपाट बाजू तुझ्याकडे, सपाट बाजू तुझ्याकडे." मागच्या वेळी दोघांनी मिळून प्लेट बदलली, तेव्हाचे हे दादाचे शब्द.

सगळं जोडलं, पेडल दाबलं. गिअर करकरला, पडला नाही. सगुणने बॉनेटवर मूठ हाणली आणि मातीत बसून रडला.

गौरवी पेज घेऊन आली. "काय जालां?"

"प्लेट उलटी बसली. दादान सांगलेली तशीच घातलंय. सपाट बाजू तुझ्याकडे."

"तेन्ना तू खंय उभो होतंस?"

"फुडे, हँडल फिरवूक."

"आनी तो?"

सगुणने माझ्या मधोमध बोट दाखवलं. दादा माझ्या दोन भागांच्या मध्ये उभा होता. आज सगुण त्याच्या जागी उभा राहिला, पण मनाने अजून पुढेच, हँडलापाशी होता.

"पिसो मरे तू," गौरवी म्हणाली. पेजेचं भांडं खाली ठेवून तिने पदर खोचला. "खोल परत. हँडल मी फिरवतंय."

सगुण मध्ये उभा राहिला. या वेळी सपाट बाजू त्याने पुढे इंजिनाकडे केली आणि उंच बाजू स्वतःकडे घेतली.

"फिरव... थांब... हळू गो वहिनी!"

"मग नीट सांग ना! बोवाळ करतंस नुसतो."

हँडलाबरोबर इंजिन फिरलं, दाते जुळले आणि माझे दोन्ही भाग एकमेकांत सरकले.

रविवारी हॉटेलवाला आला, तेव्हा मी पावसाळ्यानंतरच्या वायंगणी भातासाठी शेत नांगरत होतो. गौरवीने त्याला चहा पाजून परत पाठवलं.

संध्याकाळी सगुणने मला दारात आणलं. ती बाहेर आली. "हांगा नको. तो दारात दिसलो, की माका वाटता, तुझो दादा आत जेवता."

सगुणने इंजिन बंदच केलं नाही. तसाच वळवून मला परसातल्या काजूखाली नेलं. घरातून मी तिथे दिसत नाही.

आता एवढंच मागणं आहे, मला काम द्या. उद्या शेजारचं शेत, परवा आणखी कुणाचं. सगुण सीटवर असतो तोवर जरा शांत असतो. मीही.