मुठीचा धनी

तुइमांग गावात चुलीवर भांडं चढवायच्या आधी बाई तांदळातली एक मूठ काढते आणि बाजूच्या बुट्टीत टाकते. देवाची मूठ. घरात उद्याचा दाणा असो नसो, मूठ निघतेच. शनिवारी साऱ्या बुट्ट्या विधवा वुंगचिंगच्या ओसरीवर रित्या होतात आणि रविवारी तो तांदूळ प्रार्थनाघरात जातो. यंदा त्यातून प्रार्थनाघराला नवं छप्पर घालायचं होतं.

नेमकं यंदाच हाउसाच्या, म्हणजे गावच्या सरदाराच्या, मनात आलं की ही मूठ आपल्या कोठारात यावी. खामलियान हाउसा काही वाईट माणूस नव्हता. पण भोवतालचे लोक दिवसभर माना डोलवत असले की कुणाच्याही डोक्यात हवा जाते. त्यानं वुंगचिंगला तांदूळ घेऊन बोलावलं. ती रिकाम्या हातानं गेली.

"पी वुंग," वडीलधाऱ्या बाईला लावतात तो 'पी' लावून हाउसानं विचारलं, "तांदूळ कुठाय?"

"तुमचा वाटा सुगीलाच पोचवलाय, हाउसा. शिगोशीग. माझ्या भाच्यानं रानडुक्कर मारलं, त्याची तंगडीही आधी तुमच्या दारात आली."

"ते झालं. ही मूठ?"

"ती तुमची नाही."

"जमीन माझी, भात माझ्या जमिनीतलं, आणि मूठ तेवढी माझी नाही? वा गं वा!"

"रागावू नका. तुम्हाला हाउसा कुणी केलं?"

"माझ्या बापानं."

"आणि त्यांना?"

"त्यांच्या बापानं. काय पोरखेळ लावलायस?"

"असंच वर वर जात राहा. शेवटी ज्याच्या दाराशी पोचाल ना, मूठ त्याची."

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि तिथंच सगळं बिनसलं. हाउसा ताडकन उठला. "उद्या दुपारपर्यंत तांदूळ इथं आला पाहिजे. नाहीतर गाव सोडायचं!"

घरी येईपर्यंत वुंगचिंगच्या मनात एकच भीती होती. साठीच्या बाईला कुठलं गाव घेणार? घर, डोंगरावरचं शेत, नवऱ्याचं थडगं, सगळं इथंच राहणार. रडतरडतच तिनं बोचकं बांधलं. सकाळी भाताला तांदूळ घेतले, तर हात आपसूक बुट्टीकडे गेला. तिला हसूच आलं. कुणाचं ऐकायचं ते या हाताला पक्कं ठाऊक होतं. मग भीतीही गेली.

दुपारी ती बोचकं पाठीवर घेऊन हाउसाच्या अंगणात गेली. त्याला न सांगता गाव सोडणं रीतीला धरून नव्हतं. बघते तर अंगणभर बाया, आणि प्रत्येकीच्या पाठीवर बोचकं.

"तुम्ही गं कुठं निघालात?"

"तुझ्या मागं," शेजारची दिमन्गाइ म्हणाली. "तू गेलीस तर बुट्टी कुणाकडे रिती करायची?"

हाउसा ओसरीवरून गरजला, "जा, सगळ्याजणी जा! माझ्या घरात अजून माझाच शब्द चालतो!"

तेवढ्यात त्याची बायको नियांगदो आतून आली. हातात तांदळाची बुट्टी.

"चालतो ना," ती म्हणाली. "पण चुलीपाशी देवाचा चालतो. सात वर्षं झाली. तुमच्या ताटात पडलेला एकेक घास त्याचा वाटा निघाल्यावरच आलाय."

वुंगचिंगनं आ वासला. ही बुट्टी दर शनिवारी मोलकरीण आणायची, आणि ती त्या पोरीचीच समजून वुंगचिंग तिला तोंडभर आशीर्वाद द्यायची.

आता कुणी हसलं नाही. हाउसा पायऱ्या उतरून खाली आला. बुट्टीत डोकावला.

"माझ्या घरची मूठ एवढीशी?"

"तुम्हाला कळू नये म्हणून."

"आता कळलंय. उद्यापासून ओंजळीनं घाल. आणि पी वुंग, ते बोचकं उतरव. छपराला माझ्या रानातला बांबू तोडा, चांगला जून बघून."

हुकूमच होता तो. पण आयुष्यात पहिल्यांदा खामलियाननं आपल्या धन्याच्या वतीनं हुकूम सोडला होता, आणि बायांनी बोचकी खाली टाकून असं गाणं उचललं की पलीकडच्या डोंगरावरचे लोक शेतं सोडून बघायला आले.