गुडघे आणि कोपरं

आमच्या रफूच्या दुकानात गिऱ्हाइकांचे रुसवेफुगवे नवरा सांभाळतो आणि फाटक्या कपड्यांची वही मी. कुणाचा कपडा, कुठे विरला, कितव्यांदा. माणूस तोंडाने काहीही सांगो, कापड थापा मारत नाही.

रस्त्यावर दोन प्रार्थनाघरं आहेत, समोरासमोर. एकाचे गुरुजी नगरसेवकही आहेत, त्यांना सगळे पुढारी गुरुजी म्हणतात. दुसरे मोजकंच बोलतात, म्हणून मौनी गुरुजी. दोघांचे झगे रफूला आमच्याकडेच.

त्या सोमवारी सासूबाई तणतणत आल्या. नगरपालिकेच्या हॉलमध्ये संध्याकाळी त्यांचा साक्षरतेचा वर्ग भरतो. शुक्रवारपासून वर्ग बंद, हॉलमध्ये गाड्या उभ्या करणार. एकोणसत्तराव्या वर्षी बाई नुकत्या जोडाक्षरांपर्यंत पोचल्या होत्या.

"पुढारी गुरुजींना गाठ," नवरा म्हणाला. "एक फोन फिरवला की काम फत्ते."

"त्यांना मतांपलीकडे काय दिसतंय? मी मौनींकडे जाते. देवमाणूस आहे."

"हॉलच्या चाव्या देवाकडे असतात का, आई?"

मायलेकांची जुंपली. मी वही उघडली. "पुढारी गुरुजी, दोन वर्षांत नऊ खेपा. नऊच्या नऊ गुडघ्यांवर. मौनी गुरुजी, सात खेपा. दर वेळी उजवं कोपर आणि बसायची जागा."

"मग?" नवरा.

"अहो, गुडघे कशाने विरतात? प्रार्थनेला टेकून. आणि कोपर कुठे टेकतं? कचेरीच्या खिडकीवर. तेही बाकावर तासन्‌तास बसून झाल्यावर."

"म्हणजे आपण उलटंच धरून बसलो होतो?" सासूबाई म्हणाल्या आणि चप्पल शोधू लागल्या.

मौनींनी ऐकून घेतलं. "अर्ज आणलात? तीन प्रती लागतात." मग जे सुरू झाले! कुठला कारकून जेवायला कधी उठतो, कुठल्या खिडकीवर म्हातारं माणूस पाहिलं की काम पुढे सरकतं. "खिडकीशी मी बसेन, पण शिफारस नगरसेवकाची हवी. समोर जा. सूर्य मावळताना मात्र नको. तेव्हा ते दार लावून प्रार्थनेला बसतात. लोकांना वाटतं, बैठक चाललीय."

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"माझ्या खिडकीतून दिसतं." मग म्हणाले, "मला प्रार्थनेला इतका वेळ नाही बसवत."

दुसऱ्या दिवशी सकाळी पुढारी गुरुजींनी पेन काढलं आणि अर्ज सासूबाईंपुढे सरकवला. "वाचून दाखवा, आजी. मग सही."

सासूबाई 'विद्यार्थिनी'पाशी अडकल्या. फोन वाजत होता, दाराशी माणसं ताटकळत होती. गुरुजींनी फोनकडे पाहिलंसुद्धा नाही. तिसऱ्या खेपेला शब्द सुटला, तशी सही झाली.

"खिडकीशी कोण बसणार आहे?" त्यांनी विचारलं.

"मौनी गुरुजी."

"एकट्यानं किती बसतील? मीही येतो."

बुधवार, गुरुवार दोघं एकाच बाकावर. नगरसेवक रांगेत बसलेला पाहून कारकून जेवायला उठेचना! शेवटी ठरलं, दिवसा गाड्या, संध्याकाळी वर्ग. फळ्याला थोडा पेट्रोलचा वास येतो, पण वर्ग भरतो.

परवा पुढारी गुरुजींचा झगा आला. मी वही सासूबाईंपुढे केली.

"काय लिहू, सूनबाई?"

"बघा की तुम्हीच."

त्यांनी बाही उजेडात धरली आणि सावकाश लिहिलं, 'कोपर'.

मौनींच्या नावापुढे गुडघ्यांसाठी मी जागा कोरी ठेवलीय. घाई नाही.