भरलेला पडदा

ट्रे काही केल्या आत जाईना, म्हणून शेंडेफळाने प्लेअरच्या डोक्यावर एक चापट मारली. तेव्हा कुठे त्याने डिस्क गिळली.

"हळू गं, म्हातारं झालंय ते," सोफ्यावरून वहिनी म्हणाल्या.

"या घरात म्हातारं झालेलं सगळं माझ्याच हातून चालतं, वहिनी."

सगळे हसले. तिने विनोद केला नव्हता.

शेंडेफळ हे तिचं घरातलं नाव. बाई पंचेचाळिशीला टेकली, छापखान्यात पुस्तकांची पानं लावते, डोळ्यांवर जाड चष्मा आला. पण तीन भावंडांत शेवटची, म्हणून शेंडेफळ ते शेंडेफळच. बाकीची दोन फळं केव्हाच चांगल्या भावाने लांब गेली. हे एक झाडाला चिकटून राहिलं. झाड म्हणजे बाबा. अर्धांगाच्या झटक्याने त्यांची उजवी बाजू नेली आणि बोलणं तोंडातल्या तोंडात विरघळवलं. तेव्हापासून त्यांना उठवणं, बसवणं, पुसणं, भरवणं हे घरात होत होतं. कोण करतं, हे विचारायची गरज कुणाला पडली नव्हती.

आज बाबांना पंचाहत्तर पूर्ण झाली. दादाचा फोन आधीच येऊन गेला होता. "तू ते फोटो संगणकावर लावलेयस ना, त्याची डिस्क कर. टीव्हीवर बघू सगळे मिळून. त्या एवढ्याशा पडद्यासमोर काय कोंबड्यांसारखं दाटीवाटीनं बसायचं?"

तिने केली. छापखान्यातून आली की बाबांचं आवरायचं आणि संगणकासमोर बसायचं. एकेक फोटो निवडला, क्रम लावला, खाली हलकं संगीत घातलं. एवढा जीव ओतायला कारण होतं. छापखाना दुसऱ्या शहरात शाखा काढत होता आणि पानं लावणाऱ्या विभागाची प्रमुख म्हणून मालकांनी तिला विचारलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा कुणी तिला काहीतरी विचारलं होतं. त्यासाठी बाबांना दादाने नाहीतर ताईने न्यायला हवं होतं. फोनवर बोलून झालं होतं, पालथ्या घड्यावर पाणी. तेव्हा तिने ठरवलं, ऐकू येत नाही ना, मग दाखवू. आधी डिस्क, मग विषय.

कारण त्या प्रत्येक फोटोत ती होती. घरात फोटो काढणारी तीच, त्यामुळे तिची एक रीत पडून गेली होती. कॅमेरा स्टुलावर ठेवायचा, टायमर लावायचा, आणि पळत जाऊन उरलेल्या जागेत घुसायचं. उरलेली जागा कायम कडेला. म्हणून ती प्रत्येक फोटोत काठावर होती, धापा टाकणारी, एक खांदा वर, केस विस्कटलेले. पण होती. दवाखान्याच्या खाटेशी होती, चाकांच्या खुर्चीमागे होती, बाबा पहिल्यांदा काठी टेकून उभे राहिले तेव्हा त्यांच्या काखेत हात घालून होती.

पडद्यावर पहिला फोटो आला. तिने सवयीने उजव्या कडेला पाहिलं.

तिथे कुणी नव्हतं.

बाबांच्या खांद्यावर एक हात होता. हाताला मनगट होतं. मनगटाच्या पुढे टीव्हीची चौकट होती.

दुसरा फोटो. तिसरा. चाकांची खुर्ची कुणी न ढकलता बागेत उभी होती. दवाखान्यातला चमचा हवेतून बाबांच्या तोंडाकडे येत होता. हा जुना, पाठीला कुबड असलेला टीव्ही चित्राच्या चारी कडा थोड्या थोड्या खात होता, आणि ज्या काठावर ती आयुष्यभर उभी राहिली तो नेमका त्याच्या घशात गेला होता.

छापखान्यात नव्या मुलींना तीच ओरडायची, 'अगं पोरींनो, कडेला महत्त्वाचं काही ठेवू नका, कटिंगचं पातं विचारून कापत नाही!' आणि घरी मात्र संगणकावर सगळं नीट दिसलं म्हणून बिनघोर राहिली होती.

"अय्या, तू कुठेच नाहीस की गं!" ताई म्हणाली.

"फोटो काढणारीचा फोटो कोण काढणार?" वहिनी म्हणाल्या. "आमच्याकडे ह्यांचं तसंच होतं."

बाबांचा डावा हात उठला. टीव्हीच्या उजव्या बाजूच्या कोऱ्या भिंतीकडे बोट करून ते घशातून काहीतरी म्हणाले.

"पाणी हवंय त्यांना," दादा म्हणाला. नजर पडद्यावर.

ती उठली, पाणी घेऊन आली. बाबांनी तोंड मिटून घेतलं.

संगीत थांबलं तेव्हा दादा डोळे पुसत होता. रडायला त्याला नेहमीच छान यायचं. "किती मजेत आहेत गं बाबा," तो म्हणाला. "ऊर भरून आला."

मग तिने विषय काढला. सरळ, दोन वाक्यांत.

खोलीतला जिव्हाळा पंखा बंद करावा तसा थांबला. ताईला एकदम तिच्या घराचे जिने आठवले. वहिनींना पाठदुखी आठवली.

"अगं, आत्ताच बघितलंस ना तू?" दादा म्हणाला. "एका तरी फोटोत त्रासलेले दिसतात का ते? इथं त्यांचं सगळं आपोआप होतं. कशाला हलवायचं उगाच? आणि या वयात प्रमुख होऊन काय दिवे लावणारेस?"

आपोआप. हा शब्द तिने गिळला, पण तो खाली उतरेना.

"मला त्याची एक प्रत दे हं," निघताना ताई म्हणाली.

"मलाही," दादा म्हणाला.

पुढचे काही दिवस ती पुन्हा बसली. प्रत्येक फोटो आकाराने लहान केला, चारी बाजूंनी काळी जागा सोडली. टीव्हीला खायचं तर काळं खाऊ दे. नवी डिस्क लावली आणि बाबांना समोर बसवलं. खुर्चीमागे ती आली. चमच्यामागे ती आली. बाबांचा डावा हात उठला, वाढदिवसाला भिंतीकडे उठला होता तसाच. या वेळी बोट पडद्यावरच्या तिच्या चेहऱ्यावर जाऊन थांबलं.

ती त्यांच्या पायाशी बसली. त्या दिवशी पाणी कुणाला हवं होतं?

प्रती दोघांना पोहोचल्या. दादाचा फोन आला.

"ही काळी चौकट कसली केलीस गं? मेलेल्या माणसाच्या फोटोला असते तशी. आधीचीच दे, पडदा कसा मस्त भरलेला होता!"

"दादा, चौकट सोडून या डिस्कमध्ये आणखी काही वेगळं दिसलं का तुला?"

"आणखी काय? फोटो तेच आहेत."

"नीट बघितलेस?"

"अगं, दोनदा बघितले. तेच आहेत सगळे."

"मग रविवारी ये. मुक्कामालाच ये. जुनी डिस्क काढून ठेवते."

त्या रात्री तिने बाबांना विचारलं. कुठे, किती दूर, सगळं सांगितलं. बाबांनी डावा हात उचलला आणि दाराकडे केला. या वेळी तिला कळायला वेळ लागला नाही. सकाळी तिने मालकांना हो म्हणून टाकलं.

रविवारी दादा आला, बूट काढले आणि सोफ्यावर पसरला. तिने जुनी डिस्क लावली. प्लेअरला चापट मारली.

"दादा, दुपारची गोळी अर्धी, रात्रीची पूर्ण. घास बारीक कर, नाहीतर ठसका लागतो. रात्री एकदा कूस बदलायची. मालिशवाला सकाळी येतो."

"हो, हो."

"मी निघाले. उद्या रुजू व्हायचंय. तू नाहीतर ताई, आता तुमचं तुम्ही ठरवा."

"हं, हं... अगं, बाजूला हो ना जरा, दिसत नाहीये."

ती बाजूला झाली. बाजूला होता होता दारापर्यंत गेली. बॅग उचलली. पडद्यावर बागेतली खुर्ची आपली आपण उभी होती. बाबा टीव्हीकडे बघत नव्हते. ते दाराकडे बघत होते, आणि त्यांचा डावा हात मांडीवरून वीतभर वर उठलेला होता.

जिन्याच्या वळणावर तिला वरून दादाचा आवाज ऐकू आला.

"शेंडे, चहा टाकतेस ना गं?"