फाटकापाशी पाणी

रस्त्यावर

फाटकाला कुलूप होतं.

सकाळी नव्हतं. सकाळी मेरेआनाचे दोन भाचे फावडी घेऊन याच फाटकातून टेकडीवर गेले होते, आजीची कबर खणायला. आता ते दोघं वर उघड्या कबरीशेजारी बसून होते, कारण खणलेली कबर एकटी सोडायची नसते. आणि पारेकुरा आजी, मेरेआनाची आई, खाली रस्त्यावर, शवपेटीत, पिकअपच्या फळ्यांवर. दिवस मावळायच्या आत माती द्यायला हवी होती. मधे कुलूप.

"तुझ्या भावाचं काम," तामाती काका नोलाला म्हणाले. विचारलं नव्हतं, सांगितलं होतं.

नोला क्रेसवेल बसमधून उतरली. शाळेची बस चालवण्यात तिचा जन्म गेला होता. आज त्याच बसमधून तिनं मराएवरून, मेरेआनाच्या माओरी माणसांच्या सभाघरापासून, आजीला पोचवायला निघालेल्या बायका आणल्या होत्या. सगळ्यांत पाकेहा, म्हणजे गोऱ्यांच्या वंशातली, ती एकटीच. तिनं मागच्या पेटीतून लांब दांड्यांची कात्री काढली.

"ठेव ती," मेरेआना म्हणाली.

"मिनिटाचं काम आहे गं."

"माझ्या आईला मी कुलूप तोडून नेऊ? तिच्याच माणसांत?"

"मग काय करू सांग."

आईच्या उशाशी बसून बसून मेरेआनाचा चेहरा सुजला होता. आवाज मात्र ताठ होता. "कुलपाचं आमचं आम्ही बघू. तू भावाचं बघ."

बसच्या खिडकीतून एक मावशी म्हणाली, "कात्री ने गं बरोबर. त्याचे केस वाढलेत फार."

बस हसली. मग कुणीतरी हलक्या आवाजात जुनं गाणं धरलं.

चालताना

फाटकापासून घरापर्यंत चालताना नोलाला आठवत राहिलं की मराएच्या स्वयंपाकघरात ती कशी हौसेनं राबायची, पहिल्यांदा जेवणाच्या टेबलावर बूड टेकलं तेव्हा मावशांनी कशी टर उडवली, भांडी पुसायची फडकी कपड्यांबरोबर धुतली तेव्हा पारेकुरा आजी अवाक्षर न बोलता ती सगळी पुन्हा हातानं धुवायला कशी बसली आणि आपणही शेजारी जाऊन कसे बसलो, सभेत भाषण ठोकायची खुमखुमी कशी जिरली, गप्प राहून ऐकायला किती वेळ लागला, आणि एवढ्या सगळ्या काळात या समोरच्या घराकडे, जिथं आपण वाढलो, पाय किती कमी वळले, कारण मराएवर चांगलं वागणं जमायचं आणि इथं दार ढकलायच्या आधीच परत फिरावंसं वाटायचं.

स्वयंपाकघरात

तिचा भाऊ गार्थ टेबलापाशी बसला होता. डोक्यावर टोपी, पुढ्यात चहा, चहाशेजारी किल्ली.

"बूट बाहेर काढलेस," तो म्हणाला. "तिथली सवय."

"तू हो म्हणाला होतास, गार्थ."

"म्हणालो होतो."

"मग?"

"कुठं खणणार ते कोण बोललं होतं?"

"आजीच्या आईशेजारी. दुसरं कुठं खणणार?"

"त्या सपाट दगडापाशी, नोले."

सपाट दगड. लहानपणी नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी सगळं घर टेकडीवर जायचं. दगडावर चादर, अंड्याची सँडविच, थर्मासमधला चहा. तो दगड कुणाच्या उशाशी ठेवलाय हे क्रेसवेलांपैकी कुणी कधी विचारलं नाही. तो आपल्या आजीच्या उशाशी आहे असं मेरेआनानं सांगितलं तेव्हा नोलानं पुढ्यातलं ताट बाजूला सरकवलं. कबरीवर बसून खाल्लं होतं त्यांनी, वर्षानुवर्षं. गार्थ तेव्हा एवढंच म्हणाला होता, "पोरं होतो आपण."

"आज एक कबर, उद्या टेकडी, परवा घर," नोला म्हणाली. "हेच ना तुझं?"

"ते मी गावात बोलतो. गावात बोलायला ते बरं पडतं." त्यानं कप बशीत फिरवला. "शोना आहे तिथं."

नोलाला कळायला वेळ लागला. शोना, गार्थची बायको. ती गेली तेव्हा तिची राख समुद्रात सोडली असं त्यानं सगळ्यांना सांगितलं होतं.

"समुद्र नाही आवडायचा तिला. गारठायची. दगड आवडायचा. तिथंच विचारलं होतं मी तिला लग्नाचं." तो खिडकीकडे बघून बोलत होता. "एकदा पहाटे वर गेलो आणि पुरून आलो. आज बघतो तर ती दोन पोरं नेमकी तिथंच फावडी घालतायत. ओरडणार होतो. काय ओरडू? खाली गेलो आणि कुलूप घातलं."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू म्हणाली असतीस, त्यांना विचार. माझ्या टेकडीवर, माझ्या बायकोसाठी, मी विचारायचं."

नोला अगदी तेच म्हणाली असती.

गार्थनं किल्ली तिच्याकडे सरकवली. "ने. म्हातारीला जाऊ दे वर. पण हे या खोलीच्या बाहेर जायचं नाही."

किल्ली हाताशी होती. खिडकीतलं ऊन टेबलाच्या कडेपर्यंत आलं होतं. आजोबांनी मेरेआनाच्या माणसांकडून ही टेकडी कशी मिळवली तेही असंच या खोलीच्या बाहेर कधी गेलं नव्हतं.

"नाही जमणार," नोला म्हणाली.

"डोकं फिरलंय का तुझं? बाहेर प्रेत खोळंबलंय."

"म्हणूनच. तिच्या अंगावर कसली माती पडणार ते तिच्या लेकीला कळायला नको?"

"मग किल्ली नाही."

"बरं."

"ते काही तुला त्यांच्यातली म्हणणार नाहीत, नोले. आणि इथलं दार..."

त्यानं वाक्य पुरं केलं नाही. नोलानं बाहेर येऊन बूट चढवले. नाड्या न बांधता तशीच निघाली.

रस्त्यावर, पुन्हा

तिनं मेरेआनाला आणि काकांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. काही गाळलं नाही.

"त्या मातीत?" मेरेआना म्हणाली. "उकरून वर काढलेल्या?"

"हो."

"माझ्या आजीच्या उशाशी राख पुरली. न विचारता."

"हो."

"तीन वर्षं आम्हाला विचारतेस, नोला. हे असं का, ते तसं का. सख्ख्या भावाला एकदा विचारलं नाहीस, बायकोला कुठं ठेवलंस म्हणून?"

"नाही विचारलं."

तामाती काका त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाले. मेरेआनानं तोडून उत्तर दिलं. काका पुन्हा बोलले, हळू, बराच वेळ. नोलाला अर्धं समजलं. उरलेलं अर्धं पूर्वी तिनं विचारून घेतलं असतं.

मेरेआनानं डोक्यावरचं सुतकाचं पानांचं कडं नीट बसवलं आणि ती घराकडे निघाली.

"येऊ मी?"

"नको."

मग रस्त्यावरून जेवढं दिसलं तेवढंच. ती ओट्यापाशी थांबली. गार्थ बाहेर आला. दोघं लांब लांब उभे. वारा उलटा होता, शब्द एकही पोचला नाही. मेरेआनाचा हात एकदा टेकडीकडे गेला, एकदा गार्थच्या छातीकडे. गार्थनं टोपी काढली. ती पायरीवर बसली, त्याच्याकडे पाठ करून. गाणं केव्हाच थांबलं होतं. टेकडीची सावली कुंपणाला लागली.

ते आले तेव्हा गार्थ पुढे होता, ती मागे. नोलाकडे न बघता त्यानं कुलूप काढलं, साखळी सोडली, फाटक सताड उघडलं.

"उजवीकडे चिखल आहे," तो तामाती काकांना म्हणाला. "गाडी डावीकडून घ्या."

आणि त्यानं पिकअपमधलं एक फावडं उचललं.

फाटकापाशी

नोला वर गेली नाही. कुरणात मेंढ्या होत्या, आणि आजीच्या पाठीवर फाटक लावून घेणं काही तिला जमेना. ती उघड्या फाटकात उभी राहिली. वरून रडणं ऐकू आलं, मग गाणं, मग माती पडल्याचा आवाज. आजीला जागा मिळाली होती. त्या मातीचं वर काय केलं, कुणी काय म्हणालं, हे तिला खालून कळण्यासारखं नव्हतं.

खांबाशी पाण्याचा कॅन ठेवलेला होता. माणसं खाली येऊ लागली, हात धुऊन, डोक्यावर थेंब शिंपडून बसकडे जाऊ लागली. मावशी ओले हात झटकत म्हणाली, "केस राहिलेच की गं." तिचे डोळे लाल होते.

मेरेआना शेवटी आली. तिनं हात धुतले. पुष्कळ वेळ धुतले. नोला कॅन उचलायला वाकली.

"राहू दे," मेरेआना म्हणाली. "तो वर आहे अजून. माती ओढतोय."

"मेरेआना..."

"आज नको. आज मी तुझ्याशी बोलू शकत नाही." तिनं हात पुढे केला. "बसची किल्ली दे. काका चालवतील. पिकअप भाचे आणतील."

नोलानं दिली. बस आणि तिच्यामागून पिकअप वळणाआड गेली.

गार्थ उतरून आला तेव्हा फक्त टेकडीच्या माथ्यावर ऊन उरलं होतं. खांद्यावर फावडं, कोपरापर्यंत माती. त्यानं फावडं कुंपणाला टेकवलं आणि दोन्ही हात पुढे केले. नोलानं कॅन तिरका केला.

"अजून," तो म्हणाला.

तिनं अजून ओतलं. कॅन रिकामा झाला. हात पँटला न पुसता तसेच अंगापासून लांब धरून तो घराकडे चालू लागला.

एकदा पोरवयात त्यानं हे फाटक उघडं टाकलं होतं आणि बापानं त्याला पट्ट्यानं मारलं होतं. त्यानंतर कुठलंच फाटक त्यानं मागे वळून लावल्याशिवाय सोडलं नव्हतं. आज तो सरळ चालत गेला. घराचं दार उघडलं, मिटलं.

मेंढ्यांनी माना वर केल्या. त्यातली एक दोन पावलं रस्त्याच्या बाजूला सरकली. नोला रिकामा कॅन हातात घेऊन फाटकाच्या जागी उभी राहिली.