नवव्या प्रश्नाचं शून्य

रंगनाथकाकांनी नऊच्या नऊ प्रश्नांना शून्य म्हटलं आणि दीपाली धास्तावली.

आता कुणी म्हणेल, शून्य म्हणजे चांगलंच की! उदास वाटतं का, शून्य. झोप उडते का, शून्य. मरून जावंसं वाटतं का, हा नववा प्रश्न, त्यालाही शून्य. माणूस बरा झाला, वाटा पेढे. पण गेले बारा सोमवार दुपारी तीनच्या ठोक्याला दीपाली हा फोन करत होती, आणि हा माणूस एकदाही घासाघीस केल्याशिवाय शून्य ते तीनमधला आकडा देत नसे. "झोपेले दोन नका लिहू ताई, दीड लिहा." "काका, दीड नसतो." "काहून नसतो? मले तर दीडच वाटते." यवतमाळकडून येऊन हडपसरच्या कारखान्यात तीस वर्षं काढली, तरी काकांची ती बोली काही सुटली नव्हती. अशी हुज्जत घालून घालून त्यांची बेरीज अठरावरून सातावर आली होती. नवव्या प्रश्नावर मात्र ते दरवेळी जरासे थांबायचे आणि मग शून्य म्हणायचे. आज तिथेही थांबले नाहीत. पाठ केल्यासारखं शून्य, शून्य, शून्य. वर म्हणाले, "कढीपत्त्याची कुंडी शेजारच्या जयाबाईले देऊन टाकली जी. सुखी राहा." आणि फोन ठेवला. ती कुंडी त्यांच्या गेलेल्या बायकोची. तिला पाणी घालायचं असतं म्हणून सकाळी उठतो, असं ते दर सोमवारी सांगायचे.

दीपालीने पुन्हा फोन लावला. बंद.

कसबा पेठेत तांब्याच्या भांड्यांच्या दुकानावर त्यांचं हे संशोधनाचं ऑफिस. बोलून मन बरं होतं का, होत असेल तर किती आणि कशामुळे, हे मोजायचं काम. निम्म्या लोकांना समुपदेशन लगेच, निम्म्यांना तीन महिने थांबून. कोण कुठल्या गटात ते दीपालीला कळता कामा नये, नाहीतर ती नकळत आकडे झुकवेल. म्हणून ती यादी अनिरुद्ध सरांच्या कपाटात, बंद पाकिटात. लोकांना भेटायचंही नाही. फक्त फोन आणि फक्त नऊ प्रश्न. दीपालीने नियम कधी मोडला नव्हता. मनातल्या मनात मात्र तिने केव्हाच ठरवून टाकलं होतं की काका समुपदेशनवाल्या गटातले. त्याशिवाय का आकडे असे उतरतात?

ती तडक सरांच्या खोलीत गेली आणि नऊ शून्यांचं सांगितलं.

"माणूस बरा झाला म्हणून तक्रार घेऊन आलेल्या तुम्ही पहिल्याच," सर चष्म्यावरून म्हणाले. "नवव्या प्रश्नाला एक जरी आला तरी आपण धावतो. शून्याला धावायची पद्धत नाही आपल्याकडे."

"सर, त्यांनी कुंडी देऊन टाकली. बायकोची."

"अहो, कुंडी..." आणि सर थांबले. पंचवीस वर्षं माणसांचं ऐकलेले मनोविकारतज्ज्ञ ते. तिरकस असले तरी दगड नव्हते. उठले, कपाट उघडलं, पाकीट फाडलं. यादीवरून बोट खाली नेता नेता त्यांचा चेहरा उतरला.

"थांबलेल्यांतले आहेत हे. यांना आपण अजून काहीच दिलेलं नाही."

"मग आकडे उतरले कशाने?"

विचारता विचारताच तिला उमगलं. अरे देवा! दर सोमवारी तीन वाजता एक फोन, एवढंच त्या माणसाला मिळालं होतं. आणि आज तिने सुरुवातीलाच कागदावरचं छापील वाक्य वाचून दाखवलं होतं, 'हा आपला शेवटचा फोन आहे.'

"रिक्षाने पुढे व्हा," सर पत्ता लिहून देत म्हणाले. "तिथल्या पोलिसांना कळवून मी गाडी घेऊन येतोच."

फातिमानगरच्या सिग्नलला रिक्षा अडकली. समोर लाल आकडे उलटे उतरत होते, ऐंशी, एकोणऐंशी, आणि दीपालीने नजर फिरवली. उतरणारे आकडे बघून तीन महिने ती खूश होत आली होती. काका, थांबा हो, जरा थांबा, असं ती पुटपुटत राहिली. रिक्षावाल्याने दोनदा मागे वळून पाहिलं.

हडपसरला दुसरा मजला. जयाबाईंच्या दाराशी कढीपत्त्याची कुंडी. काकांच्या दाराला आतून कडी.

"काका! अहो काका! मी दीपाली, सोमवारची!"

आतून काहीच नाही. तिने दोन्ही हातांनी दार बडवलं. मग कडी वाजली.

काका दारात उभे. गुळगुळीत दाढी, इस्त्रीचा शर्ट. मागे टेबलावर किल्ल्या, गॅसचं पुस्तक, आधार कार्ड, सगळं ओळीने मांडलेलं.

"ताई, तुम्ही काहून आल्या? भेटाचं नसते ना तुमाले? पेपर बाद होईल."

"कसला पेपर?"

"तुमचा. आकडा खाली आला की तुम्ही पास, एवढं तर समजते मले. इतके दिवस विचारपूस केली तुम्ही. म्हटलं, जाता जाता पोरीचा निकाल तरी चांगला लागू दे."

जाता जाता! दीपाली आत जाऊन खुर्चीवर बसली आणि त्यांना हाताला धरून शेजारी बसवलं.

"कागद आणलेला नाही मी. नववा प्रश्न पुन्हा विचारते. खरं सांगा."

काकांनी किल्ल्यांकडे पाहिलं.

"तीन," ते म्हणाले.

तीन म्हणजे जवळजवळ रोज. इतकी भीती तिला जन्मात वाटली नव्हती. काय बोलायचं असतं, ते कुठल्याच छापील कागदावर नव्हतं. तिने त्यांचं मनगट दोन्ही हातांत घट्ट धरलं आणि म्हणाली, "मी इथून हलत नाही. सर येताहेत, ते डॉक्टर आहेत. तोवर हे सोडत नाही."

काकांनी मनगट सोडवून घेतलं नाही. पंखा फिरत होता. शेजारी जयाबाईंकडे कुकरची शिट्टी झाली.

"ताई," ते हळूच म्हणाले, "या घडीले अडीच लिहा."

"अडीच नसतो, काका," ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं. खाली सरांच्या गाडीचा हॉर्न वाजला तरी तिने मनगट सोडलं नाही.